मदत हवी आहे: केमोनंतरचा ताप रुग्ण लपवतात, कसं समजवायचं?

मी कर्करोग विभागात परिचारिका आहे. केमो घेऊन घरी गेलेले रुग्ण ताप आला तरी कळवत नाहीत, याची मला फार काळजी वाटते. डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस ताप आला की लगेच रुग्णालय गाठायचं. अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. पण बरेच जण पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघतात. गोळीने ताप उतरतो, संसर्ग मात्र आत वाढत राहतो. पेशीच कमी, त्यामुळे पू किंवा सूज अशी खूणही अनेकदा दिसत नाही.

सूचनांचा कागद आम्ही देतोच. माझ्या मते अडचण माहितीची नाही, भीतीची आहे. "सांगितलं तर पुढचा डोस लांबेल", "रात्री कुणाला उठवायचं?" एक आजी तर मुलाची झोप मोडू नये म्हणून गप्प राहिल्या. ऐकून गलबलून आलं मला.

तुम्ही स्वतः केमो घेतली असेल किंवा घरच्या कुणाची शुश्रूषा केली असेल, तर सांगाल का: नेमकं काय सांगितलं असतं, तर तुम्ही मध्यरात्रीही फोन केला असता? आणि हे रुग्णाशी बोलावं, की सोबतच्या माणसाशी?