ऑर्किडचं वरचं पान पिवळं पडतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, बाल्कनीत फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड आहे, कोळसा आणि नारळाच्या सोडणात लावलेलं. सगळ्यात खालचं जुनं पान पिवळं होऊन गळतं ते नॉर्मल, पण आता वरचं पानही बुडाकडून पिवळं होतंय आणि हाताला मऊ लागतंय. कुंडीबाहेरची मुळं रुपेरी, टणक आहेत पण आतली काही तपकिरी, दाबली की पिचकतात, म्हणजे या पावसात सोडण वाळतच नसणार ना? उन्हाचे पांढरट चट्टे तर नाहीत. सडलेली मुळं कापून नुसत्या कोळशात आत्ताच रिपॉट करू की पाणी बंद करून थोडं थांबू? सासूबाई म्हणतात खत घाल, मला काही ते पटत नाही. कापलेल्या जागी दालचिनी पावडर लावायची का, की तिने चांगली मुळंही सुकतात?