चार्टर विमानातल्या पाहुण्यांना कॉकपिटमध्ये बसू द्यावं का?

आभाळवेडी

मी सहा वर्षं चार्टर म्हणजे भाड्याने घेतलेल्या खासगी विमानांवर केबिन क्रू होते. हॉकर ८०० मध्ये कॉकपिटच्या तोंडाशीच एक घडीची सीट असते, जंप सीट. टेकऑफ-लँडिंगला ती माझी जागा. पण पाहुण्यांच्या मनात आलं की ती त्यांची व्हायची आणि मी मागे जाऊन पट्टा लावायचे. "मॅडम, साहेबांना पुढे बसायचंय," एवढं एक वाक्य पुरायचं.

जुलैतली एक संध्याकाळ. मुंबईवर धो धो पाऊस, आम्हाला होल्डमध्ये, म्हणजे उतरायची पाळी येईपर्यंत घिरट्या घालत, ठेवलेलं. पुढे बसलेल्या गृहस्थांनी मोबाइल काढून कॅप्टनच्या खांद्यावरून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. मग विचारलं, "आपण गोल गोल का फिरतोय?" आवाज चढवला नव्हता, साधंच विचारलं. कॅप्टन हेडसेटचा एक कान मागे सारून उत्तर द्यायला वळले आणि नेमका तेव्हाच कंट्रोलने आमचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आमच्या विमानाचं नाव, घेतला. को-पायलटने पुन्हा विचारून घेतलं. वीस मिनिटांनी आम्ही नीट उतरलो, काही झालं नाही. पण त्या को-पायलट मुलाचा हात मला अजून दिसतो. नवी उंची लिहून घ्यायला पेन्सिल कागदावर टेकवलेली आणि लिहायला काहीच ऐकू आलेलं नाही.

२९ मार्च २००१ ला अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या ॲस्पेनला एक गल्फस्ट्रीम थ्री पडलं. १५ प्रवासी, ३ क्रू, कुणीही वाचलं नाही. सूर्यास्त ६:२८ चा आणि त्या विमानाला उतरायची मुभा त्यानंतर फक्त अर्धा तास. पाहुणे उशिरा आले म्हणून लॉस एंजेलिसहून निघतानाच ४१ मिनिटं गेलेली. कदाचित दुसऱ्या विमानतळावर उतरावं लागेल असं कानावर आल्यावर चार्टर घेणारा ग्राहक चिडला होता. ॲस्पेनला बर्फ पडत होतं, आधीची विमानं धावपट्टी न दिसल्यामुळे पुन्हा वर गेली होती. अशात केबिन क्रूने एका प्रवाशाला आणून जंप सीटवर बसवलं, पट्टा कसा लावायचा ते सांगितलं. व्हॉइस रेकॉर्डरमध्ये ते ऐकू येतं. ७ वाजून २ मिनिटांच्या सुमारास विमान धावपट्टीच्या २,४०० फूट अलीकडे डोंगरउतारावर आदळलं. चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने, अमेरिकेच्या अपघात-तपास संस्थेने, लिहिलं की त्या प्रवाशाच्या तिथे असण्याने उतरण्याचा दबाव बहुधा आणखी वाढला.

तो पट्टा लावून देणारी माझ्याच कामातली होती. तिनेही "नाही" म्हटलं नाही, मीही कधी म्हटलं नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पैसे मोजणाऱ्या माणसाला कॉकपिटमध्ये जागा नको. चार्टरवरही नको.

जुहूकर

ताई, मी १४ वर्षं चार्टर उडवतोय. तुमचा अनुभव खोटा नाही, पण ॲस्पेनचा अहवाल तुम्ही अर्धाच सांगितलात. त्यातलं मुख्य कारण आहे धावपट्टी दिसत नसताना किमान उंचीच्या खाली विमान नेणं. रात्रीच्या अप्रोचवर, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्यावर, बंदी घालणाऱ्या सूचनेची भाषा संदिग्ध होती, ती टॉवरपर्यंत पोचलीही नव्हती, हेसुद्धा त्यात आहे. आणि जंप सीटवर तो चिडलेला ग्राहकच होता का, हे चौकशीत ठरलंच नाही.

आता माझी बाजू. नागपूरला जाताना एका उद्योजकांना मी पुढे बसवलं होतं, वर क्रूझमध्ये, म्हणजे विमान उंचीवर सरळ चाललेलं असताना. वाटेत ढग उभे राहिलेले. रडारवरचा लाल डाग दाखवला आणि सांगितलं, ह्याच्या आत शिरलो तर विमान पाचोळ्यासारखं हलेल, म्हणून चाळीस मैलांचा वळसा. ते पाहतच राहिले. पुढच्या पावसाळ्यात त्यांनीच ऑफिसातून फोन केला, "कॅप्टन, लाल असेल तर उद्या जाऊ." मागच्या सोफ्यावर बसून हे त्यांना कळलं नसतं. दार बंद केलं की पाहुण्याला फक्त उशीर दिसतो, उशिराचं कारण दिसत नाही.

हिशेबी माणूस

जुहूकरांशी सहमत. दबाव यायला सीट लागत नाही. २६ जानेवारी २०२० चा अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचा अपघात आठवा. कॅलाबासासजवळच्या टेकडीवर हेलिकॉप्टर पडलं, नऊ जण गेले. पायलटवर ग्राहकाने किंवा कंपनीने दबाव आणल्याचा पुरावा एनटीएसबीला सापडला नाही. ढगात शिरणं ही पायलटची चूक आणि त्यामागे बहुधा त्याने स्वतःच स्वतःवर घेतलेला दबाव, असा निष्कर्ष निघाला. मोठ्या माणसाला वेळेवर पोचवायचंय, ते डोक्यात असतं. ते कुठल्या दाराने अडवणार? त्यापेक्षा "आज जमणार नाही" म्हणणाऱ्या पायलटचा पगार आणि नोकरी सुरक्षित करा.

आभाळवेडी

तुमचं शेवटचं वाक्य मला शंभर टक्के मान्य. पण ब्रायंटच्या हेलिकॉप्टरमध्ये एकच पायलट होता. जेटमध्ये दोघे असतात, आणि दोघे कशासाठी असतात? एकाचं चुकलं तर दुसऱ्याने बोलावं म्हणून. पंचवीस वर्षांचा को-पायलट कॅप्टनला "सर, मला धावपट्टी दिसत नाहीये, वर जाऊ या" म्हणतो, तेव्हा त्याला किती धीर गोळा करावा लागतो ते मी बघितलंय. मागे हातभर अंतरावर विमानाचं भाडं भरणारा बसला असेल तर ते वाक्य घशातच राहतं. कारण तेव्हा तो कॅप्टनला फक्त सावध करत नाही, गिऱ्हाइकासमोर खोटं पाडतो. कॅप्टनवर येणारा दबाव सगळे मोजतात. मी ह्या दुसऱ्या, न बोललेल्या वाक्याबद्दल बोलतेय.

कृष्णाकाठ

रशियातलं स्मोलेन्स्क विसरू नका. १० एप्रिल २०१०, पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचं टीयू-१५४, दाट धुकं, ९६ मृत्यू. हवाई दलाचे प्रमुख कॉकपिटमध्ये होते असं रशियन अहवाल म्हणतो, पोलंडमध्ये त्यावर आजही वाद आहे. पण उतरायचं की नाही ह्याबद्दल राष्ट्राध्यक्षांचा निर्णय अजून झालेला नाही, हे शिष्टाचार विभागाच्या अधिकाऱ्याने कॉकपिटमध्ये येऊन सांगितल्याचं दोन्हीकडच्या नोंदींत आहे. धुक्यात उतरायचं का, हे राष्ट्राध्यक्षांना विचारायचं? मी ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो.

रानवारा

दुसरी बाजूही बघा ना. १९ जुलै १९८९, युनायटेड एअरलाइनचं डीसी-१०, अमेरिकेतलं सू सिटी. मागचं इंजिन फुटून विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. प्रवाशांत बसलेला एक पायलट पुढे आला आणि इंजिनांचे थ्रॉटल त्याने हातात घेतले. २९६ पैकी १८४ जण वाचले. दार कुलूपबंद असतं तर?

आभाळवेडी

तो त्याच जातीच्या विमानाचा प्रशिक्षक होता, रानवारा, आणि कॅप्टनने गरज म्हणून बोलावला होता. हौस म्हणून बसवलेल्यांचं काय होतं ते १९९४ मध्ये रशियन एअरलाइन एरोफ्लोटच्या ए-३१० मध्ये दिसलं. कॅप्टनने स्वतःच्या मुलांना पायलटच्या खुर्चीवर बसवलं, मुलाच्या हाताच्या जोराने ऑटोपायलटचा एक भाग सुटला आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही. ७५ जण गेले. आणि हे क्रूझमध्येच, जुहूकर. आपल्याकडेही २०२३ मध्ये दुबई-दिल्ली विमानात मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवल्याबद्दल डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाने, एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला, पायलटचं लायसन्स तीन महिने निलंबित केलं. एअरलाइनला हे कळतं, मग चार्टरला का नाही?

जुहूकर

एरोफ्लोटमध्ये मूल पायलटच्या खुर्चीत होतं, हात कंट्रोलवर. जंप सीटवरून हात तिथपर्यंत पोचत नाही. एअरलाइनमध्ये मागे दोनशे अनोळखी माणसं असतात, माझ्या विमानात सहा, आणि बहुतेकांना मी नावाने ओळखतो. दोन्हींना एकच माप लावू नका.

मी करतो ते असं. दहा हजार फुटांच्या वर, हवामान स्वच्छ असेल तर या, बसा, विचारा. उतरणीला लागलो की "साहेब, आता मागे." अमेरिकेत १९८१ पासून हाच नियम आहे, दहा हजारांखाली कामाशिवाय बोलणं बंद. १९७४ मध्ये शार्लटला धुक्यात दोन पायलट आपापसांत गप्पा मारत राहिले आणि ७२ जण गेले, त्यातून तो आला. पण तोही आंधळेपणाने लावून भागत नाही. ॲस्पेनची धावपट्टीच ७,८०० फुटांवर आहे, लेहची १०,६०० वर. डोंगरात मी पाहुण्याला अर्धा तास आधीच मागे पाठवतो. हे ठरवायला कॅप्टन लागतो, परिपत्रक नाही.

आभाळवेडी

"साहेब, आता मागे" हे तुम्ही म्हणू शकता. चौदा वर्षं झालीत, तुमचा शब्द कुणी मोडणार नाही. तुमच्या शेजारी बसणारा दोनशे तास उड्डाण केलेला मुलगा उद्या लेफ्ट सीटवर, कॅप्टनच्या जागी, येईल. मालक म्हणेल, "अहो, बसू द्या, मी काही बोलत नाही." तो म्हणू शकेल?

जुहूकर

नाही म्हणू शकणार. मीही त्या वयात म्हणालो नव्हतो. एकदा शिर्डीला तसंच उतरवलंय, मालक मागे बसलेले, मनात नसताना. त्या दिवशी हातात एखादा कागद असता तर दाखवला असता, हे मान्य करतो.

उतरताना बंदी लेखी असू दे, माझी हरकत नाही. वर क्रूझमधलं दार मात्र मी बंद करणार नाही.

आभाळवेडी

लेखी बंदीत माझ्या सीटचाही उल्लेख हवा. लँडिंगला जंप सीटवर फक्त क्रू. म्हणजे केबिनमधल्या मुलीलासुद्धा हात जोडून सांगता येईल, "सर, ही माझी जागा आहे."