उघड्या तारेखालची कोळशाची गाडी

रूळवेडा:
सध्या पिट्सबर्गला असतो. इथल्या एका खाण-संग्रहालयात १९४०-५० च्या सुमाराचं विजेचं इंजिन ठेवलंय. उंची जेमतेम माझ्या कमरेइतकी, ड्रायव्हर जवळजवळ आडवाच बसायचा म्हणे. वर छताला उघडी तांब्याची तार आणि तिला टेकलेला दांडा. मिथेन निघणाऱ्या खाणीत हे ठिणग्या उडवणारं प्रकरण कसं चालायचं? शिवाय कोळसा फोडतात तिथपर्यंत तार गेलेली दिसत नाही. मग तिथले डबे बाहेर कोण काढायचं? गाइडला विचारलं, तर म्हणाला, खेचरं.

जुना ओव्हरमन:
खेचरं त्याआधीची, काही ठिकाणी नंतरही टिकली. पण खरी गंमत छोट्या इंजिनाची. त्याच्या पाठीवर केबलचं मोठं रीळ असायचं. कोळसा फोडतात त्या खोलीच्या तोंडाशी आलं की मदतनीस उतरायचा, केबलच्या टोकाचा हूक वरच्या तारेत अडकवायचा आणि दांडा खाली ओढून ठेवायचा. इंजिन आत जाईल तशी केबल सुटत जायची, डबे घेऊन परत फिरलं की रीळ ती गुंडाळून घ्यायचं. असे गोळा केलेले डबे मुख्य वाटेवर आले, की तिथून १०-२० टनी मोठं इंजिन अख्खी माळ ओढायचं.

वीज परतायची रुळांतून. म्हणून रुळांच्या सांध्यांवर तांब्याचे जोड बसवलेले असत. ते निखळले की इंजिन मलूल. पुन्हा गेलात तर सांधे वाकून बघा.

आता गॅस. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की स्फोट होऊ शकतो. त्यामुळे तार ताजी हवा येते त्या वाटेवरच ठेवायची, आणि गॅस जास्त असेल तिथे बंद पेटीतलं बॅटरीचं इंजिन. कागदावर ठीक आहे, पण हवा कुठे अडेल याचा नेम नसतो. इलिनॉयमधल्या वेस्ट फ्रँकफर्टला २१ डिसेंबर १९५१ रोजी गॅसच्या स्फोटात ११९ माणसं गेली. तिथे तारेनंच घात केला असं म्हणत नाही. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेनं खाणसुरक्षेचा नवा कायदा केला.

गौरी_वणी:
काका, चालताना तारेला डोकं लागलं तर?

जुना ओव्हरमन:
साधारण २५० व्होल्ट डीसी, काही खाणींत त्याच्या दुप्पट. ओल्या कपड्यांत पुरे झालं. जिथे माणसांची ये-जा, तिथे तारेच्या दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्या लावत.

रूळवेडा:
तुम्ही चालवलंय का असं इंजिन?

जुना ओव्हरमन:
छे. आमच्या चंद्रपूरकडच्या खाणीत दोरीचं हॉलेज, म्हणजे दोरीनं ओढणं. वर दोरी गुंडाळणारा ड्रम, खाली टबांची, म्हणजे कोळशाच्या डब्यांची, माळ. टब दिसायच्या आधी रोलरवर दोरी घासल्याचा आवाज यायचा. तो कानावर पडला की हातातलं काम टाकून मॅनहोलमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, शिरायचं. अजून मध्यरात्री ट्रकनं ब्रेक मारला की पाय आपोआप भिंतीकडे वळतात. बायको हसते.