मदत हवी आहे: ‘शाम्पू’ या इंग्रजी क्रियापदाचा जुना अर्थ आणि आपलं ‘चेपणे’

नमस्कार मंडळी,

एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रजी प्रवासवर्णनाचा अनुवाद करतोय. त्यात दिवसभर घोड्यावर बसून आलेल्या साहेबाला नोकर ‘शाम्पू’ करतो. केसांचा तिथे संबंधच नाही, तो हातपाय दाबून देतोय.

कोशांत पाहिलं. हे क्रियापद इंग्रजीत 1762 पासून सापडतं आणि पुढची शंभरेक वर्षं त्याचा अर्थ अंग रगडणे, दाबणे असाच होता. केस धुण्याचा अर्थ 1860 च्या आसपास आला. मूळ म्हणून हिंदी ‘चाँपना’चं आज्ञार्थी रूप ‘चाँपो’ देतात. पाटण्याचे शेख दीन महंमद इंग्लंडात ब्रायटनला बाष्पस्नानासोबत हेच करायचे आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या राजांचे ‘शाम्पूइंग सर्जन’ म्हणून नेमले गेले. 1822 मध्ये त्यांनी या उपचारावर पुस्तकही काढलं. पाटण्याच्या माणसानं हे एवढं केलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

अडचण मराठी शब्दाची आहे. ‘मालीश’ म्हटलं की तेल आलं, आणि या उताऱ्यात तेल नाही. इथे कोल्हापुरात तालमीत मेहनत झाली की पोरं एकमेकांचं अंग चेपून देतात. घरातही ‘पाय चेप की जरा’ असंच म्हणतात. मला ‘चेपणे’च घ्यावंसं वाटतं. पण इतर भागांतल्या वाचकाला त्यातून आधी डबा चेपणं, दडपणं आठवेल का?

दुसरं म्हणजे, ‘चेपणे’ आणि ‘चाँपना’ एकाच मुळाचे आहेत का? ‘चापून चोपून’ साडी नेसतात त्यातलं ‘चापणे’ही त्यातलंच का? आणि पुरणपोळ्या ‘चापल्या’ म्हणतो ते? मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा कोश ज्यांच्याकडे आहे त्यांनी कृपया नोंद बघून सांगा, व्युत्पत्ती दिली असेल तर तीही.

प्रतिसाद:
‘चेपणे’ बिनधास्त वापरा. लक्ष्मी विष्णूचे पाय चेपते, हे महाराष्ट्रात कुठेही कळतं. फक्त नुसतं ‘चेपलं’ नको, ‘हातपाय चेपून दिले’ असं लिहा. आज्ञार्थी रूपच का उचललं गेलं असं कुणी विचारलं तर ‘देखो’वरून इंग्रजी बोलीत आलेला ‘डेको’ (एक नजर टाकणं) दाखवा. साहेबाच्या कानावर हुकूमच जास्त पडायचे. व्युत्पत्तीचं मात्र कोश बघूनच बोलू या, नुसत्या उच्चाराच्या सारखेपणावर नको.

धागाकर्ता:
आभारी आहे. ‘हातपाय चेपून दिले’ घेतो. कोशातल्या नोंदीची वाट बघतोय.