सोलापूरची 1,70,007 मतं कुणाच्या खात्यात? प्रमाणशीर प्रतिनिधित्व हवं की नको?

जुळे सोलापूर (धागाकर्ता)

2019 च्या लोकसभेचा आपला निकाल आठवा. भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी 5,24,985, काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे 3,66,377, प्रकाश आंबेडकर 1,70,007. पहिल्या दोघांतला फरक 1,58,608. म्हणजे तिसऱ्याची मतं फरकापेक्षा जास्त. तेव्हापासून पार्क चौकात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत एकच ऐकतोय: आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीनं मतं खाल्ली, वंचित म्हणजे भाजपची बी टीम. मला याचा खरोखर राग येतो. एप्रिलच्या उन्हात रांगेत उभं राहून लाखो माणसांनी आपल्या पसंतीचं बटण दाबलं आणि त्यांच्या वाट्याला काय आलं? तर दुसऱ्याला पाडल्याचा ठपका.

तेव्हा राज्यात वंचितला सात टक्क्यांच्या आसपास मतं होती आणि जागा शून्य. 48 चे सात टक्के काढा, तीन खासदार होतात. ही एकाच पक्षाची रड नाही. 2014 ला भाजपला देशात 31 टक्के मतांवर 282 जागा मिळाल्या आणि बसपाला चार टक्क्यांवर एकही नाही. मतं आणि जागा यांचा मेळच बसत नसेल तर मोजायची पद्धत बदलायला हवी. ज्याला जेवढे टक्के मतं, त्याला साधारण तेवढ्याच टक्के जागा, हेच प्रमाणशीर प्रतिनिधित्व.

आणि युतीचं म्हणाल, तर ती आपल्याकडे मतदानाच्या आधीच होते, बंद खोलीत, जागावाटप म्हणून. दक्षिण सोलापुरात 2024 ला काय झालं? महाविकास आघाडीची अधिकृत उमेदवारी ठाकरेंच्या शिवसेनेकडे, आणि मतदानाच्या दिवशी काँग्रेसच्या नेत्यांनी पाठिंबा जाहीर केला अपक्ष धर्मराज काडादींना. सकाळी सातला मत देऊन घरी आलेल्या आघाडीच्या मतदारानं काय करायचं? प्रमाणशीर पद्धतीत प्रत्येक पक्ष आपापल्या चिन्हावर लढतो, प्रत्येकाची ताकद मोजून बाहेर येते आणि मग युती होते. जर्मनीत 2021 ला तीन पक्षांनी सरकार बनवलं तेव्हा 177 पानांचा करार करून तो लोकांपुढे ठेवला. आपल्याकडे युतीचा असा करार कुणी वाचलाय?

मंगळवेढेकर

करार 177 पानांचा होता हे खरं. पण ते सरकार नोव्हेंबर 2024 मध्ये मुदतीआधीच कोसळलं, तेही सांगा की. पानं वाढवून माणसं एकत्र राहत नाहीत.

शेजारचं नेपाळ बघा. प्रतिनिधी सभेत 275 जागा, त्यातल्या 110 प्रमाणशीर. 2022 च्या निवडणुकीत माओवादी नेते प्रचंड यांच्या पक्षाला मिळाल्या 32 आणि पंतप्रधान तेच झाले. पुढं दीड वर्षात जोडीदार बदलत राहिले. 89 जागांचा सगळ्यात मोठा पक्ष आधी बाहेर, मग आत, मग पुन्हा बाहेर. नेदरलँड्समध्ये 2021 च्या निवडणुकीनंतर सरकार बसायला 299 दिवस लागले. बेल्जियमला 2010-11 मध्ये 541. तिथं काळजीवाहू सरकार असलं तरी कारभार चालतो, कारण खालची यंत्रणा धड आहे. आमच्याकडं पालकमंत्री ठरला नाही तर जिल्हा नियोजनाची बैठक होत नाही. उजनी धरणातून पाणी सोडायच्या आवर्तनाचा निर्णय कोण घेणार, हा माझा पहिला प्रश्न. कुणाचं मत वाया गेलं हा नंतरचा.

ऑकलंडकर

मूळची साखर पेठेतली, आता बरीच वर्षं न्यूझीलंडमध्ये. इथं हा बदल सामान्य लोकांनी मागून घेतलाय. 1993 ला सार्वमत झालं, 1996 ला पहिली निवडणूक. मतदाराला दोन मतं असतात, एक मतदारसंघातल्या माणसाला आणि एक पक्षाला. पाच टक्के मतं किंवा मतदारसंघातली एक तरी जागा, याशिवाय पक्षाच्या उमेदवारांच्या यादीतून कुणी आत येत नाही.

दादा, तुमची भीती खोटी नाही. 1996 ला विन्स्टन पीटर्स यांच्या पक्षाकडे 120 पैकी 17 जागा होत्या. ऑक्टोबरात निवडणूक झाली आणि ते कुणाबरोबर जाणार हे कळायला डिसेंबर उजाडला. लोक चिडले होते. ती युती दोन वर्षंही टिकली नाही. 2017 ला परत तेच. नॅशनल पक्ष 56, लेबर 46, पीटर्स 9, ग्रीन 8. सगळ्यात मोठा पक्ष विरोधात बसला. पण त्याच्या आधी, 2011 ला, ही पद्धत ठेवायची की नाही यावर पुन्हा सार्वमत झालं होतं आणि बहुमतानं ठेवायची असंच ठरलं. युत्या तुटताना बघूनही लोकांनी जुनी पद्धत परत मागितली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि अस्थिरता काय फक्त याच पद्धतीत येते? 2019 चा महाराष्ट्र आठवा. निवडणुकीआधीची युती, भाजप 105 आणि शिवसेना 56, बहुमत हातात. तरी तुटली, राष्ट्रपती राजवट आली, 23 नोव्हेंबरला पहाटेचा शपथविधी, 28 ला तिसरंच सरकार. हे सगळं आपल्या नेहमीच्या पद्धतीतच झालं ना?

सांगोलेकर

मी ठामपणे विरोधात आहे आणि जरा सविस्तर लिहितो.

शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, गणपतराव देशमुख (आमचे आबा) सांगोल्यातून 11 वेळा आमदार झाले. शेकाप राज्यभर आटत गेला, सांगोल्यात टिकला. का? माणूस दिसत होता. टँकर आला नाही की लोक थेट आबांच्या दारात. एसटीनं फिरणारा आमदार आम्ही बघितलाय. यादी पद्धतीत शेकापला राज्यात पाच टक्क्यांसारखी अट ओलांडण्याइतकी मतं नाहीत म्हणून तो पक्ष विधानसभेतच नसता. 2024 लाही सांगोल्यातून शेकापचाच आमदार निवडून आला, तो मतदारसंघ आहे म्हणून. लहान पक्षाला मतदारसंघ मारतो असं म्हणता. आमच्याकडं मतदारसंघानंच त्याला जगवलंय.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. यादी पक्षाची असणार. पण पक्ष कुणाचा? 17 फेब्रुवारी 2023 ला शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला गेलं. 6 फेब्रुवारी 2024 ला राष्ट्रवादीचं घड्याळ अजित पवारांकडं. कोण बरोबर, कोण चूक, ते सोडा. उद्या माझं मत माणसाला नसून फक्त चिन्हाला असेल आणि दोन वर्षांनी चिन्हच दुसऱ्या घरात गेलं, तर माझं मत कुठं गेलं? आज निदान मी आमदाराला गावात आल्यावर अडवून विचारू शकतो, बाबा, तू तिकडं का गेलास. यादीतल्या बाविसाव्या नंबरच्या माणसाला मी कुठं शोधू? त्याला तिकीट देणारा मुंबईत, काढणारा दिल्लीत. पक्षाच्या तिकिटाच्या एबी फॉर्मसाठी आज जी रांग लागते ती यादीतल्या वरच्या नंबरसाठी लागेल आणि तिथं पैसा जास्त चालेल, कारण वरचा नंबर म्हणजे जनतेसमोर न जाता आमदारकी.

संविधान सभेत ही सूचना आली होती. बाबासाहेबांनीच ती नाकारली. त्यांची दोन कारणं होती: देशातली निरक्षरता, आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार डळमळीत होण्याचा धोका. पहिलं बऱ्यापैकी सुटलं. दुसरं सुटलंय असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

निवृत्त शिक्षक, कसबा

प्रमाणशीर पद्धत परदेशातली आहे असं समजून सगळे बोलत आहेत. ती आपल्या शहरात दोन ठिकाणी आजही चालते.

एक, महापालिकेची स्थायी समिती. 16 सदस्य, आणि कोणत्या पक्षाचे किती हे तौलनिक संख्याबळावर, म्हणजे सभागृहात ज्याचे जितके नगरसेवक त्या प्रमाणात ठरतं. 2017 च्या निकालात 102 पैकी भाजप 49, शिवसेना 21, काँग्रेस 14, एमआयएम 9, राष्ट्रवादी 4, बसपा 4, माकप 1. भाजपचे 49 गुणिले 16 भागिले 102 करा, 7.69 येतात. शिवसेनेचे 3.29. सभागृहात प्रमाणात वाटून घ्यायला पक्षांना चालतं. मतदारासाठी तेच मागितलं की म्हणे देश मोडेल.

दोन, विधान परिषदेचे शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघ. पुणे विभागात आपण येतो. तिथं बटण नसतं. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच नावापुढं 1 लिहायचा, मग इच्छा असेल तर 2, 3. शाईचा दुसरा रंग चालत नाही, बरोबरची खूण चालत नाही, अक्षरात 'एक' लिहिलेलं चालत नाही. मी शिक्षक मतदारसंघात मत दिलं आहे. एम.ए., बी.एड. झालेली माणसं कागद हातात घेऊन शेजाऱ्याला विचारतात, नक्की काय करायचं. आणि तरी मतं बाद होतात. संविधानानुसार ही निवडणूकही प्रमाणशीर पद्धतीनेच होते, पण निवडायचा एकच, तिथं प्रमाण कसलं येणार? पसंतीक्रमाचा फायदा मात्र होतो. पहिला बाद झाला तरी माझं मत दुसऱ्याकडे जातं, कचऱ्यात जात नाही. 2019 ला लोकसभेला पसंतीक्रम असता तर मतं खाल्ल्याचा वाद झालाच नसता. म्हणून मी पद्धतीच्या बाजूने आहे, यादीच्या नाही.

पूर्व भाग

सांगोलेकर दादा, तुमच्या आबांबद्दल आदर आहे. पण असा माणूस सगळ्यांच्या नशिबात नसतो. आमच्याकडं तेलुगू बोलणारे विणकर, विडी वळणाऱ्या बाया, पलीकडं कानडी, त्याच्या पलीकडं उर्दू. एका मतदारसंघात एकच निवडून येणार म्हटल्यावर दरवेळी सांगितलं जातं, आपल्या माणसाला देऊ नका, तो येत नाही, मत फुकट जाईल. माझी आई आयुष्यभर विड्या वळत आली. तिनं कायम दुसऱ्या नंबरच्या पसंतीला मत दिलं, पहिल्या पसंतीचा निवडून येणार नाही म्हणून.

आणि ही गोष्ट सोलापूरला नवीन नाही. 1952 च्या लोकसभेला सोलापूर दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. निवडून कोण आले? शेकापचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज. काँग्रेसची लाट होती तेव्हा! 1961 नंतर असे मतदारसंघ बंद झाले.

नेपाळला नावं ठेवली, पण तिथं यादीमुळंच संसदेत एक तृतीयांश बायका बसतात. तो नियम पाळावाच लागतो.

मंगळवेढेकर

ताई, 1952 ची पद्धत प्रमाणशीर नव्हती. दोन जागा होत्या, एक राखीव, आणि जास्त मतं त्याचीच. दोन्ही जागा एकाच पक्षालाही जाऊ शकत होत्या. बायकांचं म्हणाल तर महापालिकेत निम्म्या जागा आरक्षणानं आल्याच आहेत, त्यासाठी यादी लागली नाही.

जुळे सोलापूर

सांगोलेकरांचा चिन्हाचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. म्हणून पूर्ण यादी मीही मागत नाही. 1999 ला विधी आयोगानं 170 व्या अहवालात मधला रस्ता सुचवला होता: लोकसभेच्या मतदारसंघांना हात लावायचा नाही, वर 25 टक्के जागा वाढवायच्या आणि तेवढ्याच यादीतून भरायच्या. सांगोल्याचा आमदार सांगोल्यातच राहील. सरकार पाडापाडीचं म्हणाल तर जर्मनीसारखा नियम करा, नवा नेता बहुमतानं निवडल्याशिवाय जुना हटवता येणार नाही. 1982 ला तिथले चान्सलर श्मिट जाऊन कोल आले ते तसेच, एकाच मतदानात.

आणि सुरुवात महापालिकेतून करा. चार जणांचा प्रभाग आहेच. आज मतदाराला चार मतं आहेत, त्यामुळं प्रभागात चाळीस टक्के मतं असलेलं पॅनेल चारही जागा उचलतं आणि साठ टक्के लोकांचा एकही नगरसेवक नसतो. त्याऐवजी पसंतीक्रमाचं एकच मत द्या. 20,000 मतं पडली तर कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, होतो 4,001 (20,000 भागिले चार जागा अधिक एक, म्हणजे पाच, आणि वर एक). ज्याच्यामागं तेवढे लोक, तो आत.

सांगोलेकर

आणि प्रभागातल्या अ, ब, क, ड या चार जागांना असलेलं आरक्षण? कोटा पूर्ण करणारे चारही पुरुष निघाले तर कुणाला उतरवणार?

शिवाय 4,001 मतं म्हणजे सोलापुरात एक गल्ली, एक समाज. आज निवडून यायला उमेदवाराला निदान दुसऱ्या गल्लीत जाऊन हात जोडावे लागतात. तुमच्या हिशोबात त्याला आपली गल्ली सोडायचं कारणच उरत नाही.

निवृत्त शिक्षक, कसबा

आरक्षणाची सोय मोजणीत करता येते. राखीव जागा भरेपर्यंत त्या गटातल्या उमेदवारांना बाद करायचं नाही, असा नियम घालावा लागेल. मोजणी लांबेल, हे मान्य.

गल्लीचं उत्तर दुसऱ्या पसंतीत आहे. 4,001 पहिल्याच फेरीत फार थोड्यांना मिळतील. बाकीच्यांना शेजारच्या गल्लीचा 2 मागावाच लागेल, आणि तो मागायचा तर तिथल्या उमेदवाराला शिव्या देऊन चालणार नाही.

सांगोलेकर

सर, 2 मागायला जाणारा रिकाम्या हातानं जाणार नाही. आज एका मताचा भाव आहे, उद्या दोन पसंतींचे दोन भाव होतील. तेवढ्याचा बंदोबस्त सांगा, मग मी महापालिकेपुरता तरी तुमच्या बाजूला येतो.