मदत हवी आहे: ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय. तूप बंद करू का? आणि त्या 'लोण्याच्या पर्याया'चं काय?

नमस्कार मंडळी. ह्यांचा (वय ४६) रिपोर्ट आला, एलडीएल (म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल) १६२. डॉक्टर "तेलतूप कमी करा" एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आम्ही सोलापूरचे. फोडणीला घाण्याचं शेंगदाणा तेल, तळणाला रिफाइंड सूर्यफूल. शिवाय सासूबाईंचं साजूक तूप. आठवडाभराची साय विरजून, घुसळून लोणी काढायचं, बेरी लालसर झाली की गॅस बंद आणि वर विड्याच्या पानाचा तुकडा. वास शेजारपर्यंत जातो. त्या म्हणतात, "आमच्या वेळी करडईचं तेल नि तूपच होतं, कुणाला काय झालं?" मला मामंजींची बायपास आठवते, पण मी गप्प बसते.

त्यात नणंदबाईंनी लोण्याऐवजी पोळीला लावायचा एक डबा आणलाय. पुढे ठळक 'कोलेस्टेरॉल फ्री', मागे घटकांत पहिलंच नाव पाम तेल. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवरही तेच छापलेलं असतं. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल असतं तरी कुठे?

वाचून एवढं कळलं की संपृक्त चरबी (एलडीएल वाढवते ती) खोबरेल तेलात ९० टक्क्यांच्या आसपास, तुपात ६०, पाममध्ये ५०, शेंगदाण्यात २०च्या आत, करडईत १०च्याही आत. मग सरसकट करडईच आणू का? वरणभातावर चमचाभर तूप चालेल का? तो डबा वापरू का?

प्रतिसाद १:
ताई, आधी सांगा, माणसं किती आणि महिन्याला तेल किती लागतं?

धागाकर्ती:
चौघं. ५ लिटरचा डबा आणि घाण्याचं लिटरभर.

प्रतिसाद १:
म्हणजे माणशी रोज ४५ ग्रॅम, तूप सोडून! राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या ताटात तेलतूप मिळून २७ ग्रॅम आहे. करडई काय, शेंगदाणा काय, ग्रॅमला ९ कॅलरी ठरलेल्याच. शेंगदाणा आणि करडई आलटूनपालटून वापरा, तळण आठवड्यावरून महिन्यावर न्या. तूप एक छोटा चमचा, तोही तळणाच्या दिवशी नाही. आणि एलडीएल १६२ आहे, नुसतं तेल बदलून भागेल असं धरू नका. डॉक्टरांना परत गाठा.

प्रतिसाद २:
डब्याबद्दल: जुन्या वनस्पती तुपातली ट्रान्स फॅटची (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीची) भीती आता तेवढी नाही, २०२२ पासून तेल-चरबीत २ टक्क्यांची मर्यादा आहे. पण पाम म्हणजे पुन्हा संपृक्त चरबीच. लोणी सोडून तेच खायचं, तर मग चिमूटभर लोणीच काय वाईट? भज्यांच्या कढईतलं तेल मात्र पुन्हापुन्हा तापवू नका.

धागाकर्ती:
४५ वाचून हादरलेच. आज चौघांसाठी दिवसाचं तेल मोजून वाटीत काढलं. सासूबाई म्हणाल्या, "सोनारीण झालीस का गं?" पण दुपारची वांग्याची भाजी त्यांनी दोनदा घेतली. डबा अजून उघडलेला नाही, नणंदबाईंना परत कसा द्यावा तेवढं कुणी सुचवा.