शब्दचर्चा : भित्तिपत्रक, भित्तिचित्र की पोस्टर?

प्रश्न : पोस्टरकलेच्या इतिहासावर लेख लिहितेय. मी सगळीकडे 'भित्तिचित्र' लिहिलं होतं, संपादकांनी ते खोडून 'भित्तिपत्रक' केलं. पण पत्रक म्हटलं की मला हातात वाटायचा कागद आठवतो, त्यात चित्र कुठे आलं? आणि 'त्ति' ऱ्हस्व का?

उत्तर : संपादकांचं बरोबर आहे. भित्तिचित्र म्हणजे थेट भिंतीवर रंगवलेलं, अजिंठ्यासारखं. भित्तिपत्रक हा छापलेला कागद. त्याच्या शेकडो प्रती निघतात, चिकटवतात आणि चार दिवसांनी त्यावर दुसरा कागद बसतो. (भित्तिपत्रिका आणखी वेगळी, ती भिंतीवर लावलेलं नियतकालिक.) ऱ्हस्व का, तर तत्सम शब्द समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्व टिकतो : कवी, पण कविसंमेलन.

चित्र नावात नाही ही तक्रार मात्र मला पटत नाही. इंग्रजीतल्या 'पोस्टर'मागे 'पोस्ट' म्हणजे खांब आहे आणि फ्रेंच 'आफिश' आलाय तो चिकटवण्याच्या क्रियापदावरून. चित्र त्यांच्याही नावात नाही.

चित्र कागदावर आलं शिळाछापामुळे, म्हणजे दगडावर काढलेलं चित्र कागदावर छापण्याच्या तंत्रामुळे. जर्मनीतल्या सेनेफेल्डरनं हे तंत्र अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलं, पण रस्त्यावर रंग उधळले फ्रेंच चित्रकार ज्यूल शेरेनं. १८६६ साली त्यानं पॅरिसमध्ये स्वतःचा छापखाना काढला. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, आणि एकच कागद एकेका शिळेवरून जाणार. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की अक्षरंही छपाईच्या खिळ्यांनी जुळवायची गरज उरली नाही, चित्रकार ती चित्रासोबत शिळेवर काढू लागला. फ्रेंच चित्रकार तुलूज-लोत्रेक तर शिळेवर दात घासायच्या ब्रशनं शाईचे शिंतोडे उडवायचा.

आणखी एक मत : वस्तूला भित्तिपत्रक म्हणा, कलाप्रकाराला पोस्टरकला. 'भित्तिपत्रककला'त दोन 'क' एकमेकांवर आपटतात, वाचताना जीभ अडखळते. संग्रहालयात काचेमागे ठेवलेल्याला मी 'पोस्टर'च म्हणेन, तिथे त्याची भिंत सुटलेली असते.

शब्दांचा विषय आहे म्हणून फ्रान्सच्या कासांद्र या पोस्टरकाराचं १९३२चं, 'द्यूबोने' नावाच्या मद्याच्या जाहिरातीचं काम सांगायलाच हवं. ओळीनं तीन चौकटी. पहिलीत माणूस पेल्याकडे बघतो, दुसरीत पितो, तिसरीत पुन्हा ओततो. दर चौकटीत त्याच्या अंगात रंग चढत जातो, तसाच खालच्या अक्षरांतही : 'द्यूबो', 'द्यूबों', 'द्यूबोने'. फ्रेंच कानाला पहिल्यात 'सुंदर' ऐकू येतं, दुसऱ्यात 'चांगलं', आणि शेवटी मद्याचं नाव. चालता चालता वाचून होणारं वाक्य आहे ते!

प्रश्नकर्ती : पटलं. माझं वाक्य होतं, 'कासांद्रनं हे भित्तिचित्र रंगवलं.' आता असं केलंय : 'कासांद्रनं या पोस्टरची रचना केली, त्याची भित्तिपत्रकं शहरभर लागली.' चालेल ना?

उत्तर : चालेल. 'लागली' हे क्रियापद छान बसलंय, ते बदलू नका.